औरंगाबादचे मौलवीसाहेब

शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. डबा पळवण्यापासून गॅदरिंगच्या फजितीपर्यंतचे किस्से माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगणारे आहेत. त्यामुळे स्मरणिकेसाठी मी दुसराच विषय घेतला आहे. आपल्या गावात जवळजवळ पाव शतक राहून काम केलेल्या एका भाषापंडिताची ही गोष्ट आहे. दिल्ली, लखनौ, लाहोर, कराची इथे त्यांचे नाव घेतले की लोक आदराने बोलतात. आपल्या गावात मात्र फारच थोड्यांना ते माहीत आहेत. त्यांचे नाव मौलवी अब्दुल हक. उर्दूच्या जगात त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतात.

आधी एक गंमत करू. आपले शाळेतले रोजचे शब्द आठवा: दप्तर, कागद, शाई, तक्ता, हजेरी, गैरहजर, मैदान, शाबास, बक्षीस. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इतके मुरले की ते बाहेरचे आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही. शनिवारी सकाळी आपण मैदानावर करत होतो ती कवायतही त्यातलीच. अरबीत कवायद म्हणजे नियम. त्याच शब्दाचा उर्दूत व्याकरण असाही अर्थ होतो. अब्दुल हक यांनी १९१४ साली उर्दूचे जे व्याकरण प्रसिद्ध केले त्याचे नावच ‘कवायद-ए-उर्दू’. म्हणजे आपली पीटी आणि त्यांचे व्याकरण एकाच शब्दाची लेकरे. पुढे त्यांनी मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला यावर एक स्वतंत्र पुस्तकही लिहिले. पुण्यात माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ काढला, त्याच सुमारास इकडे औरंगाबादला एक उर्दूचा पंडित तोच धागा दुसऱ्या टोकाने धरून बसला होता.

अब्दुल हक मूळचे आपल्याकडचे नव्हेत. १८७० च्या सुमारास उत्तर प्रदेशात मेरठ जिल्ह्यातल्या हापूडजवळ त्यांचा जन्म झाला. शिक्षण अलीगढच्या कॉलेजात. सर सय्यद अहमद खान तेव्हा हयात होते, इतिहासकार शिबली नोमानी आणि इंग्रज प्राध्यापक टॉमस अर्नोल्ड तिथे शिकवत होते. १८९४ साली ते बी. ए. झाले. नावामागे मौलवी असले तरी ते मदरशात नव्हे, तर आधुनिक कॉलेजात घडलेले पदवीधर होते. त्या काळी उत्तरेतल्या शिकलेल्या अनेक मुसलमान तरुणांप्रमाणे तेही नोकरीसाठी निजामाच्या हैदराबादला आले. तिथे मदरसा-ए-आसफिया या शाळेचे मुख्याध्यापक झाले, मग शिक्षण खात्यात गेले. १९११ च्या सुमारास शाळा तपासणीच्या कामावर त्यांची औरंगाबादला नेमणूक झाली.

त्या औरंगाबादचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दहाएक वर्षांपूर्वी मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झालेली. मोडकळीस आलेली तटबंदी, दरवाजे, पाणचक्की, मकबरा. एके काळी दख्खनची राजधानी असलेले आणि आता सुभ्याचे ठिकाण म्हणून उरलेले शांत गाव. कोणी अधिकारी इथे आला की बदलीची वाट बघत बसला असता. अब्दुल हकांनी इथे दुकान मांडले आणि तेही मोठे.

उर्दूच्या वाढीसाठी १९०३ साली एक संस्था निघाली होती, अंजुमन तरक्की-ए-उर्दू. अर्नोल्ड तिचे पहिले अध्यक्ष आणि शिबली पहिले चिटणीस. आपल्या पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद त्यानंतर तीन वर्षांनी, १९०६ साली निघाली, यावरून काळाची कल्पना येईल. पण नावे मोठी असली तरी काम पुढे सरकत नव्हते. १९१२ साली चिटणीसपद अब्दुल हकांकडे आले आणि पाठोपाठ अंजुमनचे कार्यालय औरंगाबादला आले. कार्यालय म्हणजे काय, तर एक जुनी पेटी, तिच्यात एक नोंदवही, काही अपुरी हस्तलिखिते आणि दौत-लेखणी, असे सांगतात. एवढ्या भांडवलावर त्यांनी पुढच्या पंचवीस वर्षांत छापखाना, ग्रंथालय, नियतकालिके आणि पुस्तकांची लांबच लांब यादी उभी केली. १९२१ पासून ‘उर्दू’ हे संशोधनाचे त्रैमासिक औरंगाबादहून निघू लागले. १९२८ साली अंजुमनने ‘साइंस’ नावाचे विज्ञानाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. सबंध हिंदुस्थानातले उर्दू विद्वान लेखांच्या पाकिटांवर औरंगाबाद, दख्खन असा पत्ता लिहीत असत.

मधल्या काळात हैदराबादेत एक मोठा प्रयोग सुरू झाला. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले. तिथे विज्ञान, वैद्यक, कायदा, सगळे उर्दूतून शिकवायचे होते. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे हे पहिले मोठे विद्यापीठ. शिकवायचे ठरले, पण पुस्तके कुठे होती? त्यासाठी आदल्या वर्षी एक भाषांतर खाते काढले गेले आणि त्याचे पहिले प्रमुख अब्दुल हक झाले. रसायनशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत हजारो संज्ञांना उर्दू प्रतिशब्द घडवायचे होते. संज्ञा कशा घडवाव्यात यावर वहीदुद्दीन सलीम यांचे एक पुस्तक अंजुमनने १९२१ साली छापले. माझा दिवस संगणकाच्या भाषांमध्ये जातो. पडद्यावरची एक सूचना मराठीत आणायची म्हटली तरी चार जण पाच शब्द सुचवतात, आणि शेवटी इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहून आम्ही मोकळे होतो. त्या माणसांनी सबंध विद्यापीठाचा अभ्यासक्रम भाषांतरित केला. शब्द सगळे टिकले नाहीत, पण ते पुस्तके लिहून, वर्गात शिकवून, परीक्षा घेऊन वापरले गेले. शब्द वापरल्याशिवाय तगत नाही, हे त्यांना कळले होते.

हैदराबादहून अब्दुल हक पुन्हा औरंगाबादला आले ते प्राचार्य म्हणून. १९२३ साली इथे उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले होते. आज किले अर्क भागात आपण ज्याला शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय म्हणतो, ते हेच. आपल्यापैकी कितीतरी जण अकरावी-बारावीला तिथे गेले. त्या कॉलेजाचे प्राचार्यपद त्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सांभाळले. पुढे हैदराबादला विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक झाले तरी अंजुमन मात्र औरंगाबादेतच राहिली.

त्यांच्या संशोधनातला एक भाग आपल्याला फार जवळचा आहे. उर्दू म्हणजे दिल्ली-लखनौ अशी तेव्हा समजूत होती. अब्दुल हकांनी दख्खनमधली जुनी हस्तलिखिते शोधून काढली आणि दाखवून दिले की उत्तरेत उर्दू कविता बहरण्याच्या कितीतरी आधी दख्खनमध्ये या भाषेत ग्रंथ लिहिले जात होते. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने १६३५ साली लिहिलेला ‘सबरस’ हा गद्यग्रंथ त्यांनी १९३२ साली संपादून प्रसिद्ध केला. त्याच वजहीचे १६०९ मधले ‘कुत्ब मुश्तरी’ हे काव्य १९३९ साली आणले. विजापूरच्या नुसरतीवर पुस्तक लिहिले. वली दखनीच्या समग्र कविता अंजुमनने १९२७ साली छापल्या, आणि आपल्याच गावच्या लक्ष्मीनारायण शफीक औरंगाबादी यांनी फारसीत लिहिलेला उर्दू कवींचा परिचयग्रंथ १९२८ साली. दिल्लीच्या मीर तकी मीरचे फारसी आत्मचरित्र छापले गेले तेही इथेच.

ही दखनी म्हणजे आपल्या कानांना अगदी ओळखीची बोली. नको म्हणायला तिच्यात नक्को, आणि जोर द्यायला आपल्यासारखाच च. शहागंजात भाजी घेताना आपण जी भाषा ऐकत मोठे झालो, तिच्यात मराठी अशी मिसळलेली आहे. लोकांपर्यंत पोहोचायचे तर लोकांच्या बोलीत बोलले पाहिजे, हे सूफींनी दरबारी कवींच्या आधी ओळखले, असे अब्दुल हकांनी १९३३ च्या एका पुस्तकात मांडले. खुलताबाद आपल्यापासून किती लांब? आणि पैठण? चक्रधर, ज्ञानदेव, एकनाथ यांची परंपरा ज्याने शाळेत अभ्यासली आहे, त्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम कोशाचे. १९३७ साली अंजुमनने त्यांच्या संपादनाखाली इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध केला. सुमारे दीड हजार पानांचा हा ग्रंथ, आणि त्यावर प्रकाशनस्थळ म्हणून आपल्या गावाचे नाव. त्याच वर्षी अलाहाबाद विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. आयुष्याच्या अखेरीस, १९५८ साली पाकिस्तानात उर्दूच्या महाकोशासाठी मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले मुख्य संपादकही तेच होते. तो कोश बावीस खंडांचा झाला आणि २०१० साली पुरा झाला. कोश लावणाऱ्याला आपले झाड फळलेले बघायला मिळत नाही, हे त्या धंद्यातले खरेच आहे.

पण मित्रमैत्रिणींनो, मला अब्दुल हक आवडू लागले ते कोशामुळे नाही, एका माळ्यामुळे. ‘चंद हमअस्र’ नावाचे त्यांचे व्यक्तिचित्रांचे पुस्तक आहे. त्यात मोठमोठे विद्वान, कवी, नेते आहेत, आणि त्यांच्या पंक्तीत बीबी-का-मकबऱ्याच्या बागेतला नामदेव माळी आहे. अब्दुल हकांचे घर तेव्हा मकबऱ्याच्या आवारातच होते आणि बागेची देखरेखही त्यांच्याकडे होती. त्यांच्या टेबलासमोर मोठी खिडकी होती. लिहिता लिहिता मान वर केली की नामदेव दिसायचा. तो एखाद्या रोपापुढे बसलेला असे. आळे नीट करी, पाणी घाली, मग मागे सरून वेगवेगळ्या बाजूंनी रोपाकडे बघत राही. त्याला मूलबाळ नव्हते. झाडेच त्याची मुले. एखाद्या रोपाला कीड लागली की त्याचा जीव थाऱ्यावर नसे. त्याला औषधी वनस्पतींची चांगली जाण होती, मुलांच्या दुखण्यावर तो औषध देई आणि कोणाकडून काही घेत नसे.

एका वर्षी पाऊस पडला नाही. विहिरी-बावड्या आटल्या, इतरांच्या बागा वाळल्या, पण नामदेवाचा तुकडा हिरवा राहिला. लांबून, डोक्यावरून, दिवसा आणि रात्रीही तो पाणी आणत होता. पाणी कसले, निम्मा चिखलच. मौलवीसाहेबांनी त्याला इनाम देऊ केले तर त्याने घेतले नाही. पोटच्या पोरांना वाढवल्याबद्दल कोणी इनाम घेते का, हा त्याचा हिशेब. पुढे त्याचे काम बघून त्याला हैदराबादच्या शाही बागेत नेले गेले. तिथेही तो तसाच राहिला. एक दिवस बागेत मधमाश्या उठल्या. बाकीचे माळी पळून लपले. नामदेव कामात इतका गढला होता की त्याला कळलेच नाही. माश्यांनी त्याला घेरले आणि त्यातच तो गेला.

नामदेव तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या जातीतला होता. अब्दुल हक ही गोष्ट लपवत नाहीत. माणसांतले उच्चनीच हे कृत्रिम आहे आणि चांगुलपणा कोणत्याही जातीची मिरास नाही, असे ते लेखाच्या सुरुवातीलाच म्हणतात, आणि मग त्या माळ्याला थोरांच्या ओळीत बसवतात. उर्दू शाळांच्या पुस्तकांत हा पाठ वर्षानुवर्षे आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांनी औरंगाबादच्या एका मराठी माळ्यावर प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मकबऱ्यापासून जवळच पुढे १९५० नंतर बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाचे नागसेनवन उभे राहिले. नामदेवाच्या माणसांना ज्ञानाची दारे उघडली ती तिथे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आपल्या आजी-आजोबांशी प्रतारणा होईल. निजामाच्या राज्यात उर्दू बोलणारे दहांत साधारण एक आणि मराठी बोलणारे चारांत एक. तेलुगू तर जवळजवळ निम्मे. तरीही राज्यकारभार उर्दूत आणि वरचे शिक्षण उर्दूत. परकी इंग्रजी नको, आपल्या भाषेत शिकू, हा विचार थोर होता, पण ती आपली भाषा बहुसंख्य मुलांची नव्हतीच. माझे आजोबा उर्दूतून शिकले. म्हातारपणीही हिशेबाचे आकडे उर्दूत लिहायचे आणि शेर म्हणायचे. त्यांना उर्दूचा राग नव्हता. राग होता तो मराठीत शिकू न दिल्याचा. ज्या कॉलेजाचे अब्दुल हक प्राचार्य होते, त्याच कॉलेजाच्या वसतिगृहात नोव्हेंबर १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यास बंदी झाली आणि तिथून विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटून हैदराबादपर्यंत गेले. काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. मराठवाड्याचा मुक्तिलढा ज्यांनी लढवला त्यांतले कित्येक जण या आंदोलनात घडले.

तोवर अब्दुल हक औरंगाबादहून गेले होते. एप्रिल १९३६ मध्ये नागपूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषद भरली. प्रेमचंदही तिथे होते. परिषदेची भाषा हिंदी-हिंदुस्थानी म्हणायची की नुसती हिंदुस्थानी, यावर वाद झाला आणि अब्दुल हक दुखावून परतले. त्यानंतर त्यांच्यातला संशोधक मागे पडला आणि चळवळ्या पुढे आला. १९३८ साली त्यांनी अंजुमन दिल्लीला नेली. १९४७ च्या दंगलीत दर्यागंजमधले अंजुमनचे कार्यालय लुटले गेले. जन्मभर गोळा केलेली पुस्तके आणि कागद विस्कटले. मौलवीसाहेब कराचीला गेले आणि सत्तरी उलटल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १९४९ साली तिथे उर्दू कॉलेज काढले.

तिथेही तोच प्रश्न उभा राहिला. पाकिस्तानात सर्वांत जास्त लोकांची भाषा बंगाली होती. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. ज्याची आठवण म्हणून जग आता मातृभाषा दिन पाळते, तोच हा दिवस. आणि १९५४ साली बंगालीला मान्यता मिळू लागली तेव्हा कराचीत तिच्या विरोधात जो मोठा मोर्चा निघाला, त्याच्या अग्रभागी ऐंशीच्या घरातले अब्दुल हक होते. १६ ऑगस्ट १९६१ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले. त्यांना त्यांच्या उर्दू कॉलेजाच्या आवारातच दफन करण्यात आले.

आपल्या भाषेवर इतके प्रेम केलेल्या माणसाला दुसऱ्याचे भाषाप्रेम का दिसू नये, हा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. मात्र एक गोष्ट जाणवते. जोवर ते हस्तलिखितांत आणि शब्दांत होते, तोवर त्यांना मराठीचे ऋण दिसत होते, मराठीवरचे ऋण दिसत होते, खिडकीबाहेरचा नामदेव दिसत होता. भाषेचा झेंडा झाला तेव्हा माणसे दिसेनाशी झाली. आज आपणही आपल्या भाषेसाठी तावातावाने बोलतो. बोलावेच. पण त्यांच्यासारखे वीस वर्षे एका कोशाला जुंपून घेणारे आपल्यात किती, हेही मोजावे. मराठीचे आजचे दुखणे घोषणांच्या कमतरतेचे नाही.

गावाचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. जुन्या ग्रंथांच्या शीर्षकपानांवर औरंगाबाद तसेच राहील, आणि त्या पानांवर आपलाही थोडा हक्क आहे. निजामाच्या राजवटीशी झालेले भांडण आपल्या वडीलधाऱ्यांनी लढून संपवले. आता त्या काळातले चांगले काम मोकळ्या मनाने वाचायला आपल्याला हरकत नसावी.

एक सूचना करते. आपल्या बॅचमध्ये उर्दू वाचता येणारे दोघे-तिघे नक्की आहेत. या स्नेहमेळाव्यात गाण्यांच्या भेंड्या झाल्या की त्यांच्यापैकी कोणीतरी नामदेव माळ्याचे ते व्यक्तिचित्र वाचून मराठीत समजावून सांगावे. दहा मिनिटे लागतील. आपल्या सर-बाईंना ते आवडेल याची मला खात्री आहे, कारण कोणी बघत नसताना रोपांना पाणी घालणे म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.